आधी परवानगी, मग पाया

(सहायक मित्रांच्या नाशिक येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षभरात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "ताई, पेठकडच्या अभ्यासिकेचं काय झालं? पैसे तर आम्ही कधीच दिले." कोणी उपासनेनंतर दारात विचारले, कोणी फोनवर, तर एका आजींनी पोस्टकार्ड पाठवून विचारले. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी कोणी पेन्शनमधून दिले, कोणी कापणीच्या सणाला धान्य विकून दिले, रविवारच्या शाळेतील मुलांनी डबे फोडून दिले. त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पैसे बँकेत सुरक्षित आहेत, त्यांचा हिशेब तपासलेला आहे आणि तो आज बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. पण दोन पावसाळे गेले तरी एक वीटही का बसली नाही, ते हिशेबाच्या कागदावर दिसत नाही. म्हणून आज मी फक्त त्याविषयी बोलणार आहे.

ईशज्ञानाच्या पदविकेला असताना आम्ही नहेम्याचे पुस्तक शिकलो. यरुशलेमची तटबंदी बांधणारा धाडसी माणूस म्हणून आपण सगळे त्याला ओळखतो. पण दुसऱ्या अध्यायात तो राजाकडे नेमके काय मागतो, हे आपण भरभर वाचून पुढे जातो. तो प्रांताधिकाऱ्यांच्या नावाने पत्रे मागतो आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने लाकडासाठी वेगळे पत्र मागतो. म्हणजे प्रवासाचा परवाना आणि वनखात्याचा परवाना! दगड उचलण्याआधी त्याने कागद हातात घेतले. वर्गात आम्हाला नहेम्याची प्रार्थना शिकवली, ते चांगलेच झाले. सातबारा वाचायला मात्र मला पेठच्या लोकांनी शिकवले.

आता मूळ गरज काय होती ते थोडक्यात सांगते, कारण आज काही नवे चेहरे दिसताहेत. नाशिकहून सावळघाट उतरून पेठकडे गेले की कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची गावे आणि पाडे लागतात. पाऊस धो धो पडतो, भात, नागली, वरई पिकते आणि दिवाळीनंतर हाताला काम उरत नाही. मग घरटी माणसे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात. शाळा दिवसा भरते. संध्याकाळी कुडाच्या घरात चुलीचा धूर, अपुरा उजेड आणि शिकवायला कोणी नाही. दहावीच्या वर्षाला पोचलेल्या मुली तिथेच गळतात. त्यांच्यासाठी उजेड असलेली, पावसात न गळणारी एक मोठी खोली हवी, तिथे संध्याकाळी अभ्यास घेणारे कोणी हवे, एवढीच ती मागणी होती. ती मागणी आम्ही सुचवलेली नाही, पाड्यावरच्या मातांनी केलेली आहे.

आपण उदार मनाने दिले. मग आम्ही परवानगीच्या मागे लागलो. तेव्हा तीन प्रश्न समोर आले. खेड्यात काहीही बांधायचे म्हटले की हेच तीन प्रश्न येतात, म्हणून ते आपणही लक्षात ठेवा. जागा कोणाची? जागा कुठे? आणि इमारत कशासाठी?

जागा कोणाची?

पाड्यावरच्या एका कोकणा कुटुंबाने रस्त्यालगतची दोन गुंठे जागा बक्षीस द्यायची तयारी दाखवली. घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी मला जागा दाखवली, पायाने रेघ ओढली आणि म्हणाले, "ताई, इथपासून इथपर्यंत घ्या. माझ्या नाती शिकतील." आपल्यापैकी अनेकांना वाटेल की झाले, आता बक्षीसपत्र करायचे आणि कामाला लागायचे. पण तसे करता येत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आहे. १९७४ साली ते आले. आदिवासी माणसाची जमीन बिगरआदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, गहाण किंवा भाड्याने देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पाच वर्षांपर्यंतचे भाडे किंवा गहाण सोडले, तर त्यापुढच्या व्यवहाराला राज्य शासनाचीही मान्यता लागते. आणि आपला ट्रस्ट कितीही सेवाभावी असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो बिगरआदिवासीच आहे. शिवाय १९४७ चा तुकडेबंदीचा कायदाही दोन गुंठ्यांच्या व्यवहाराला आड येत होता.

हे ऐकल्यावर आम्हाला सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एक सल्ला तर तीन वेगवेगळ्या माणसांनी जवळजवळ त्याच शब्दांत दिला. "कशाला एवढी भानगड? स्टँपपेपरवर लिहून घ्या. जागा बाबांच्याच नावावर राहू द्या, बांधकाम तुम्ही करा. कोण बघतंय?" दुसरा म्हणाला, "तुमच्या मंडळीतल्या एखाद्या आदिवासी बंधूच्या नावावर घ्या."

बंधुभगिनींनो, हा सल्ला आम्ही का मानला नाही, ते नीट ऐका. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

ही स्टँपपेपरची युक्ती नवी नाही. आदिवासींच्या जमिनी ज्या वाटेने गेल्या, त्यातली ही एक जुनी वाट आहे. सावकाराने धान्य दिले, अंगठा घेतला, आणि दोन-चार वर्षांनी त्याच रानात मूळ मालक मजूर म्हणून उभा राहिला. हे इतक्या प्रमाणात झाले की शासनाला १९७४ साली दोन गोष्टी कराव्या लागल्या. पुढच्या व्यवहारांना ३६ अ ने बांध घातला आणि मागे गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्या कायद्याने परत मागता येऊ लागल्या. आजही त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या बाजूला शहरातल्या पैशाची नजर डोंगराकडे आहे. धरणाचे पाणी दिसेल अशी जागा हवी, सुट्टीचे घर हवे, रिसॉर्ट हवे. त्या पैशापुढे आदिवासी शेतकऱ्याजवळ कायद्याच्या या बांधाशिवाय दुसरे काय आहे?

आता विचार करा. मुलींच्या अभ्यासासाठी, चांगल्या मनाने, आपण या बांधाला एक भोक पाडले असते. आपले काम झाले असते. पण पाड्याने काय पाहिले असते? स्टँपपेपरवर काम होते, हे पाहिले असते. उद्या दुसरा कोणी तसाच कागद घेऊन आला असता आणि म्हणाला असता, "मिशनच्या ताईंनी नाही का केलं?" त्या भोकातून पुढे कोण शिरेल, ते आपल्या हातात राहिले नसते.

नाबोथाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. अहाब राजाने काही फुकट मागितले नव्हते. त्याने बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. व्यवहार म्हणून पाहिले तर बोली वाईट नव्हती. तरी नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची वतनाची जमीन होती. नाबोथाच्या बाजूने शास्त्र उभे राहते, हे आपण उपदेशपीठावरून सांगतो. तर मग नाबोथाच्या बाजूने आपल्या राज्यात जो कायदा उभा आहे, त्याची आपल्याला अडचण वाटता कामा नये. त्या कायद्यामुळे आपल्याला उशीर झाला. होऊ दे. त्याच कायद्यामुळे बाबांच्या नातींना उद्या जमीन राहणार आहे.

जागा कुठे?

मग दुसरा प्रश्न आला. जमिनीच्या कागदावर खेड्याचे दोन भाग असतात: गावठाण आणि गावठाणाबाहेरचे रान. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत.

गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधायचे तर आधी जमीन बिनशेती व्हावी लागते. अलीकडे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी ही वाट सोपी केलेली आहे. तरी मोजणीचा नकाशा, रस्त्याचा पुरावा, वेगवेगळ्या खात्यांचे ना हरकत दाखले, मग बांधकामाच्या नकाशाची छाननी हे सगळे येतेच. आणि जमीन आदिवासीची असेल, तर मालकीचा पहिला प्रश्न तसाच उभा राहतो.

पेठमध्ये तिसरा प्रकारही भरपूर आहे, तो म्हणजे वनजमीन. पिढ्यान्पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क मिळाला. २०१८ च्या मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत गेले, तेव्हा त्यांच्या मुख्य मागण्यांत या वनहक्कांची अंमलबजावणी होती. आपल्यापैकी काहींनी त्यांना वाटेत पाणी दिले असेल. हा हक्क वारसाने मुलाबाळांकडे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. लग्न झालेले असेल तर पती-पत्नी दोघांच्या नावे तो नोंदवतात. त्याच कायद्यात गावासाठी एक तरतूद आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पण या सोयी शासनाने चालवायच्या आहेत. ट्रस्टला त्या दारातून आत जाता येत नाही.

उरले गावठाण. तिथे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. पाड्याच्या मधोमध ग्रामपंचायतीचीच एक मोकळी जागा होती. पूर्वी तिथे धान्य साठवायची शेड होती, ती वादळात पडली. गावकऱ्यांनीच ती जागा सुचवली. "जागा गावाची, खोली गावाची, शिकवायला तुम्ही या," असे एका बाईने सरळ सांगून टाकले.

ऐकायला सोपे वाटते. पण जागा गावाची आहे हे सगळ्या गावाला माहीत असणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये नोंद अर्धवट होती. गाव नकाशाची जुनी प्रत शोधायची होती. इथे आमचे चार-पाच महिने गेले. एका कचेरीत फाईल सापडेना. दुसऱ्या ठिकाणी ती सापडली, पण 'चहापाण्या'शिवाय हलणार नाही असे सुचवले गेले. आम्ही नम्रपणे नाही म्हटले, अर्जाची पोच घेतली आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली सेवा मुदतीत का मिळाली नाही म्हणून अपील लावले. वेळ लागला, पण कागद आला. आणि मला हेही सांगायलाच हवे की तालुक्यात असे कर्मचारीही भेटले, जे जेवणाच्या सुट्टीत कपाटे उघडून आमच्याबरोबर धूळ झटकत बसले. त्यांच्यासाठीही प्रार्थना करा.

या शोधाशोधीच्या काळात एज्राच्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायाने मला धीर दिला. मंदिर बांधणाऱ्या यहूद्यांना प्रांताधिकारी ततनइ विचारतो की हे बांधायची परवानगी तुम्हाला कोणी दिली. मग दारयावेश राजाच्या हुकमाने दप्तराची झडती होते आणि अखमथा येथे कोरेश राजाची जुनी गुंडाळी सापडते. तिच्यात इमारतीची उंची साठ हात, रुंदी साठ हात असे मापही लिहिलेले आहे, खर्च कोठून द्यायचा तेही आहे. तो तर मंजूर नकाशाच झाला! देवाचे काम कधी कधी दप्तरखान्यातल्या एका कागदासाठी थांबते आणि त्या कागदानेच पुन्हा उभे राहते.

मोजणी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. शेजारच्या कुटुंबाचा गोठा सुमारे पाच फूट आपल्या जागेत आलेला होता. काही जण म्हणाले, नोटीस द्या. पण त्या गोठ्यात एका विधवा बाईची दोन जनावरे होती आणि तिचे सारे पोट त्यांच्यावर होते. आम्ही नकाशा बदलायला सांगितला. चाळीस फुटांची खोली पस्तीस फुटांची झाली. इंजिनीअर बंधूंना तिसऱ्यांदा रेघा ओढाव्या लागल्या. त्यांनी एक पैसाही वाढवून घेतला नाही. गोठा आहे तिथेच आहे.

इमारत कशासाठी?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाणमधीलही बरीच गावे त्यात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. त्यांच्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आले आहे. म्हणून आम्ही ठरवले की ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अर्ज देण्याआधी ग्रामसभेत उभे राहायचे.

आधी महिलांची ग्रामसभा झाली. तिथे मला वाटले होते त्यापेक्षा निराळेच बोलणे झाले. बायका अभ्यासाबद्दल दोन वाक्ये बोलल्या आणि मग म्हणाल्या, "मुलींसाठी संडास कुठंय यात?" नकाशात तो मागच्या बाजूला होता. त्यांनी तो पुढे, दिव्याच्या उजेडात आणायला सांगितला. दुसरी म्हणाली, "मार्चात हातपंप आटतो. मग संडासाला पाणी कुठलं?" म्हणून छपरावरचे पावसाचे पाणी साठवायची टाकी नकाशात आली. इतका पाऊस पडणाऱ्या गावात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरावे लागते, हे आपल्यापैकी ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या टाकीचे मोल कळेल.

दुसऱ्या दिवशी मोठी ग्रामसभा. तिथे एका तरुणाने उभे राहून विचारले, "हे चर्च आहे का? आज अभ्यासिका म्हणाल आणि उद्या वर क्रूस लावाल." सभेत शांतता झाली. मी म्हणाले, "नाही. ही अभ्यासाची खोली आहे, सगळ्या घरांतल्या मुलांसाठी आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत हे लपवणार नाही, कारण ख्रिस्ताच्या प्रीतीमुळेच आम्ही इथे आलो. पण या खोलीत उपासना होणार नाही. कधी प्रार्थनाघर बांधायचे झाले, तर ते प्रार्थनाघर म्हणूनच मागू, वेगळ्या जागेवर, वेगळ्या परवानगीने." ते ठरावात लिहून घेतले गेले. मी त्यावर सही केली आहे.

हे ऐकून कोणाचे मन खट्टू झाले असेल, तर मी ते समजू शकते. पण कायदाही समजून घ्या. धार्मिक बांधकामाला वेगळी, जिल्हा पातळीवरची परवानगी लागते. सार्वजनिक जागेवर कोणत्याही धर्माचे विनापरवाना बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे. अभ्यासिका म्हणून परवानगी घ्यायची आणि आत दुसरेच चालवायचे, हे कायद्यात बसत नाही. आणि कायद्यात बसले असते तरी ते खोटेच ठरले असते. आपण ज्याची साक्ष द्यायला निघालो, तो सत्य आहे. त्याच्या नावाने खोट्या अर्जावर सही कशी करायची?

मग एक वयस्कर बाबा उठले. त्यांचा प्रश्न ऐकून मी क्षणभर गप्प राहिले. "मार्गेसरात डोंगऱ्यादेवाच्या वेळी बाहेरगावची माणसं येत्यात. थंडीत उघड्यावर झोपत्यात. तेव्हा ही खोली भेटंल का?" मी उत्तर दिले, "बाबा, खोली गावाची आहे. गावाने ठरवायचे. मुलांच्या परीक्षा तेवढ्या सांभाळा." बाबा हसले आणि खाली बसले. त्यानंतर ठराव मंजूर झाला. विरोधात एकही हात नव्हता. तो क्रूसाबद्दल विचारणारा तरुणही आता अभ्यासिकेच्या समितीवर आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला सभासद आहे, कारण तो प्रत्येक गोष्ट तपासून पाहतो.

आता आपल्यापुढचा निर्णय

आज परिस्थिती अशी आहे. ग्रामसभेचा ठराव झाला. जागेची नोंद दुरुस्त झाली. मोजणीचा नकाशा हातात आहे. ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी मिळाली. पंचायत समितीच्या अभियंत्यांनी अंदाजपत्रक तपासून दिले. पाऊस उघडला की पाया खोदायचा आणि पुढच्या पावसाआधी स्लॅब टाकायचा, असा बेत आहे. त्या घाटात बांधकामाचे दिवस थोडे असतात. जूनमध्ये खडी-सिमेंटची गाडी पाड्यापर्यंत पोचत नाही.

पण एक गोष्ट आपल्या संमतीशिवाय होऊ शकत नाही, आणि ती मला आज स्पष्टपणे मांडायची आहे. आपण दान दिले तेव्हा पावतीवर लिहिले होते, 'संस्थेच्या इमारतीसाठी'. ही इमारत संस्थेची राहणार नाही. ती ग्रामपंचायतीची राहील. करारानुसार आपण तिथे अभ्यास घेऊ, दुरुस्तीला हातभार लावू. करार दर पाच वर्षांनी ग्रामसभेपुढे जाईल. गावाने उद्या सांगितले की आता आमची मुलेच शिकवतील, तर आपण किल्ली देऊन निघायचे. भिंतीवर दात्यांच्या नावांचा संगमरवरी दगड नसेल. गावाने ठरवल्याप्रमाणे दारावर फक्त पाड्याचे नाव असेल.

म्हणून विशिष्ट कामासाठी दिलेले दान या बदललेल्या रूपात वापरायला आपली लेखी संमती हवी. बाहेर संमतीपत्रे ठेवली आहेत. ज्यांना मान्य नसेल, त्यांनी तसे मोकळेपणाने लिहावे. त्यांचे पैसे परत दिले जातील किंवा ते सांगतील त्या दुसऱ्या कामाला लावले जातील. त्याबद्दल कोणीही कोणाकडे वाकड्या नजरेने पाहणार नाही.

मला माहीत आहे की दगडावर नाव असावे असे वाटणे वाईट नाही. आईच्या स्मरणार्थ, वडिलांच्या स्मरणार्थ आपण दिले आहे. पण ज्या गावाने आजवर बाहेरच्यांच्या नावाचे किती फलक पाहिले, ज्या गावाच्या किती जमिनी बाहेरच्यांच्या नावावर गेल्या, त्या गावाला या वेळी पूर्णपणे स्वतःची अशी एक खोली आपण देत आहोत. आपल्या आईचे नाव तिथे वाचता येणार नाही. पण तिच्या नावाने लावलेल्या दिव्याखाली कोणाची तरी मुलगी बीजगणित सोडवत बसलेली असेल.

आणखी एक विनंती. पैशाशिवायही देता येण्यासारखे पुष्कळ आहे. या पाड्यावर घरकुल मंजूर होऊनही बांधता न येणारी कुटुंबे आहेत, कारण जागा नावावर नाही, वारसाची नोंद झालेली नाही किंवा वनहक्काचा दावा पडून आहे. केंद्राच्या घरकुल योजनेत डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. जागेअभावी अडलेल्यांसाठी जागा खरेदीच्या मदतीची वेगळी योजनाही आहे. पैसे आहेत, योजना आहेत, पण अर्ज नीट भरणारा, कागद जोडणारा आणि पोच मागून घेणारा माणूस नाही. आपल्या मंडळ्यांत निवृत्त तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, भूमी अभिलेखातले मोजणीदार आहेत, वकील आणि इंजिनीअर आहेत. आपण महिन्यातून एक शनिवार द्या. सातबारा, आठ अ आणि फेरफार समजावून सांगणे हीसुद्धा सेवा आहे. आपल्या आयुष्यभराच्या नोकरीत जे ज्ञान मिळाले, ते एखाद्या घराचे छप्पर होऊ शकते.

प्रार्थनेचे विषय असे आहेत. पाया खोदण्याआधी पाऊस वेळेवर उघडावा. घाटातून साहित्य नेणारे ड्रायव्हर सुखरूप जावेत-यावेत. द्राक्षबागांवर गेलेल्या आईबापांची मुले या वर्षीही शाळेत टिकावीत. आणि गावाच्या समितीत व आपल्यात विश्वास राहावा, कारण विटांपेक्षा तो जमायला जास्त वेळ लागला आहे.

दोन वर्षे आपण थांबलात, प्रश्न विचारलेत आणि तरीही देणे थांबवले नाहीत. त्याबद्दल पाड्यावरच्या मातांच्या वतीने मी आपले आभार मानते. संमतीपत्रे भरताना घाई करू नका, वाचून सही करा. पाड्यावरच्या बायकांनीही ठराव दोनदा वाचून घेतला आणि मगच अंगठे उठवले.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.